टपालाची सूत्रे कोणाच्या हाती होती?

आपल्या गल्लीतला पोस्टमन सर्वांना ठाऊक असतो, पोस्टमास्तर काहींना. पण खात्याच्या शिखरावर कोण बसतो, हा प्रश्न पत्र लिहिणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. ब्रिटिश अमदानीतही तो फारसा येत नसे. तरीही पत्राला किती पैसे पडावेत, ते कोणी फोडून वाचावे, कोणत्या गावी कचेरी उघडावी आणि त्या कचेरीत हिंदी माणसाने कोणत्या पायरीपर्यंत चढावे, हे सारे त्या शिखरावरूनच ठरत होते. त्या खुर्चीचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा प्रवास पाहिला तर टपाल नेमके कोणाचे, सरकारचे की लोकांचे, हा वाद किती जुना आहे ते लक्षात येते.

प्रारंभी टपाल निःसंशय सरकारचेच होते. किंबहुना सरकार म्हणजे व्यापारी कंपनीचे. ईस्ट इंडिया कंपनीने १६८८ साली मुंबईत टपालकचेरी उघडली ती आपल्या वखारींचे कागदपत्र सुरक्षित पोचावेत म्हणून. १७६६ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने बंगालमध्ये डाकेची घडी बसवली तेव्हा हरकारे पुरवण्याची जबाबदारी जमीनदारांवर टाकली. हरकाऱ्यांच्या पिशव्यांत सामान्य रयतेचे पत्र असण्याचे कारणच नव्हते. व्यापारी, सावकार यांनी आपापली डाक चालवली होती. उत्तरेत तिला महाजनी डाक म्हणत. आपल्याकडे पेशवाईत जासूद आणि हरकारे होतेच, पण तेही दरबाराचे चाकर.

पहिला मोठा बदल वॉरन हेस्टिंग्जने केला. १७७४ साली कोलकात्यात पोस्टमास्टर जनरल हा हुद्दा निर्माण झाला आणि पैसे मोजणाऱ्या कोणाचेही पत्र घेतले जाऊ लागले. दर होता शंभर मैलांना दोन आणे. त्यासाठी दोन आणे किमतीची तांब्याची तिकिटेही पाडण्यात आली. पुढे मद्रासला १७८६ मध्ये आणि मुंबईला १७९४ मध्ये जनरल पोस्ट ऑफिस स्थापन झाले. म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या मुलखात टपालाचे एक नव्हे, तीन धनी होते. प्रत्येक इलाख्याचा पोस्टमास्टर जनरल आपल्या गव्हर्नराला जबाबदार असे आणि शेजारच्या इलाख्यात काय चालते याच्याशी त्याला कर्तव्य नसे. जिल्ह्यात तर टपाल हे कलेक्टरच्या असंख्य कामांपैकी एक काम. महसूल गोळा करावा, दंगा मिटवावा आणि उरलेल्या वेळात डाक पाहावी, असा तो प्रकार होता.

धनी तीन असले तरी मक्तेदारी मात्र एकच होती. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या प्रदेशात पत्रे वाहून नेण्याचा अधिकार फक्त सरकारचा ठरला आणि खासगी डाका बेकायदा झाल्या. लोकांची जुनी सोय कायद्याने बंद केली, मग नवी सोय तरी त्यांना परवडणारी होती काय? कोलकात्याहून मुंबईला एक तोळा वजनाच्या पत्रास एक रुपया पडे, आग्र्याला बारा आणे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने मुंबईहून कोलकात्याला पत्र धाडण्याचा विचारही करू नये, असाच हा दर होता. दुसरीकडे अधिकाऱ्यांची पत्रे फुकट जात. ही सवलत सरकारी कामापुरती असावी अशी अपेक्षा होती, पण सहीच्या बळावर खासगी पत्रे आणि पार्सलेही सरकारी पिशवीतून सर्रास जात. थोडक्यात, पिशवीचे वजन साहेबांचे आणि खर्चाचा भार पैसे देणाऱ्या मोजक्या लोकांवर.

या कारभाराची चौकशी करण्यासाठी १८५० मध्ये एक आयोग नेमला गेला. तिन्ही इलाख्यांचा प्रतिनिधी त्यात होता. इंग्लंडमध्ये रोलंड हिल याने १८४० साली एक पेनीचे तिकीट आणून अंतराचा हिशेबच मोडीत काढला होता. पत्र पोचवण्याच्या खर्चात अंतराचा वाटा अगदी थोडा असतो, खरा खर्च होतो तो पत्र घेणे, नोंदवणे, पैसे वसूल करणे यावर, हे त्याचे गणित होते. आयोगाने हे गणित हिंदुस्थानाला लावले. अंतर कितीही असो, दर एकच. पैसे आगाऊ, तिकिटाच्या रूपाने. आणि सर्व इलाख्यांचे टपाल एका माणसाच्या हाताखाली. या तिन्ही शिफारशी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. मुंबई, मद्रास आणि कोलकाता यांचे हिशेब निरनिराळे राहिले असते तर एकच दर चालवणे अशक्य होते. प्रांतांच्या हातून अधिकार काढून घेतल्याशिवाय स्वस्त पत्र मिळणार नव्हते.

या सुधारणेची चुणूक आधी मुंबई इलाख्यातच दिसली होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता आणि तेथील कमिशनर होता बार्टल फ्रिअर, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि ज्याने मुंबईचा जुना कोट पाडला. त्याने १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. ‘सिंद डाक’ ही आशिया खंडातली पहिली टपाल तिकिटे. केंद्रात आयोगाच्या अहवालावर खल चालू असताना एका प्रांताधिकाऱ्याने काम करून दाखवले. दोन वर्षांनी अखिल भारतीय तिकिटे आली तेव्हा सिंदची तिकिटे रद्द झाली. आज ती संग्राहकांच्या तिजोरीत आहेत.

१ ऑक्टोबर १८५४ हा दिवस या कथेचा मध्यबिंदू आहे. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत त्या दिवशी नवा कायदा अमलात आला आणि हेन्री रिडेल हा भारतीय टपालाचा पहिला महासंचालक झाला. पाव तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात देशाच्या कोणत्याही टोकाला जाऊ लागले. तिकीट न लावलेल्या पत्राला पोचल्यावर दुप्पट पैसे पडत. आपल्या बोलीत रुळलेला ‘नॉटपेड’ हा शब्द याच शिस्तीची देणगी. रिडेलच्या हाती आल्या त्या ७०१ कचेऱ्या. सुरुवातीला उत्पन्न घटणार हे सरकारने गृहीत धरले होते आणि तरीही दर उतरवला होता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. डलहौसीचे नाव आपल्याला संस्थाने खालसा करण्यावरून आठवते, आणि सातारा, नागपूर विसरण्याचे कारणही नाही. पण त्याच माणसाच्या अमदानीत देशात पहिल्यांदा गरिबाला परवडेल असे पत्र निघाले. अर्थात दोन्हींमागचा हेतू फार वेगळा नव्हता. रेल्वे, तार आणि टपाल ही साम्राज्य एका मुठीत धरण्याची साधने होती.

याची प्रचिती तीनच वर्षांत आली. १८५७ च्या उठावात बंडवाल्यांनी तारा तोडल्या, डाकेचे मार्ग रोखले, कचेऱ्या लुटल्या. टपाल कोणाचे आहे याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. रिडेलच्या काळचे टपालखाते केवळ पत्रांचे नव्हते. प्रवाशांच्या पालख्यांची आणि डाकबंगल्यांची व्यवस्था, उत्तरेत सरकारी बैलगाड्यांची वाहतूक असे बरेच काही त्यात होते. रेल्वे पसरत गेली तसा हा पसारा गळून पडला आणि उरले ते टपाल.

रिडेलनंतरचा मॉन्टीथ १८८० पर्यंत या खुर्चीवर होता. त्याच्या कारकिर्दीत १८७६ साली हिंदुस्थान जागतिक टपाल संघात दाखल झाला, १८७७ मध्ये व्हीपी सुरू झाली आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. या शेवटच्या गोष्टीची थोरवी आज सांगून पटणे कठीण आहे. कागद, लखोटा, तिकीट यांची कटकट नाही. एक पैसा टाकला की मजकूर देशभर. नोकरीनिमित्त घराबाहेर पडणाऱ्या मराठी माणसाचे घराशी नाते पुढची शंभर वर्षे या कार्डाने सांभाळले. व्हीपीने तर पुस्तक व्यवसायाला पंख दिले. पुण्या-मुंबईचा प्रकाशक वऱ्हाडातल्या वाचकाकडून पुस्तक हाती पडतानाच पैसे घेऊ लागला.

मॉन्टीथनंतरचा फ्रेडरिक हॉग हा मला या मालिकेतला सर्वांत कल्पक माणूस वाटतो. त्याने टपालकचेरीला पैशाच्या व्यवहारात आणले. मनीऑर्डरी त्यापूर्वी सरकारी खजिन्यांतून निघत. १८८० साली हे काम टपालाकडे आले. खजिना जिल्ह्याच्या गावी, टपालकचेरी मात्र तालुक्याला आणि मोठ्या खेड्यालाही. शिवाय पैसे पोस्टमन घरी आणून देणार. १८८२ मध्ये टपालाची बचत बँक सुरू झाली आणि १८८४ मध्ये खात्याच्या नोकरांसाठी आयुर्विमा. गिरणगावात चाळीच्या खोलीत दहाजण मिळून राहणारा रत्नागिरीकडचा कामगार पगार झाला की पोस्टात जाऊन उभा राही. मागे गावी म्हातारी आई, बायको-मुले यांचा महिना त्या फॉर्मवर अवलंबून. मनीऑर्डरीवर जगणारा कोकण हा शब्दप्रयोग पुढे अर्थशास्त्राच्या चर्चेत रूढ झाला, त्याचे मूळ हॉगच्या या एका प्रशासकीय निर्णयात आहे. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर मजकूर लिहायला चार बोटे जागा असे. तेवढ्यात सारे क्षेमकुशल मावे.

महासंचालकाचा हुकूम सर्वत्र चालत होता असे मात्र नाही. संस्थानांची स्वतःची डाक होती. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी १८८५ साली करार करून ब्रिटिश तिकिटांवर देवनागरीत आपल्या राज्याचे नाव छापून घेतले, तर इंदूरच्या होळकरांनी १८८६ मध्ये स्वतःची तिकिटे काढली. कोलकात्याच्या खात्याला हा गोंधळ नकोसा वाटे आणि एकेक संस्थान आपल्या जाळ्यात ओढण्याचे त्याचे प्रयत्न अखेरपर्यंत चालू राहिले.

येथवर जी नावे आली ती सगळी इंग्रजांची आहेत. हरकारे हिंदी, पोस्टमन हिंदी, कारकून हिंदी, गावोगावचे पोस्टमास्तर हिंदी; खुर्ची मात्र साहेबाची. या विसंगतीची सर्वांत बोलकी साक्ष बंगालमधली आहे. ‘नीलदर्पण’ या १८६० च्या नाटकाने निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम वेशीवर टांगणारे दीनबंधू मित्र हे टपालखात्यातलेच अधिकारी. १८५५ च्या सुमारास पाटण्याला पोस्टमास्तर म्हणून ते लागले आणि पुढे तपासनीस होऊन बंगाल, ओरिसाभर हिंडले. १८७१ च्या लुशाई मोहिमेत सैन्याच्या टपालाची व्यवस्था लावायला सरकारला तेच हवे होते. बक्षीस म्हणून मिळाली रायबहादूर ही पदवी. १८७३ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते वारले. त्यांचे स्नेही बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी त्यांच्या चरित्रात्मक लेखात म्हटले आहे, की दीनबंधू बंगाली नसते तर मृत्यूच्या पुष्कळ आधी पोस्टमास्टर जनरल झाले असते आणि कालांतराने महासंचालकही. बंकिमचंद्र स्वतः सरकारी नोकर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याची धार कळते.

दीनबंधूंच्या निधनानंतर आठ वर्षांनी, १८८१ मध्ये, राय सालिग्राम हे वायव्य प्रांताचे पोस्टमास्टर जनरल झाले. या हुद्द्यावर चढलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. १८४७ साली आग्र्याच्या टपालकचेरीत कारकून म्हणून ते लागले होते. चौतीस वर्षांनी प्रांताचे प्रमुख झाले. राधास्वामी पंथाचे गुरू म्हणून त्यांची ओळख अधिक आहे, टपालातले त्यांचे स्थान पंथाबाहेर फारसे कोणाला माहीत नाही. १८८७ मध्ये ते निवृत्त झाले. प्रांताचा दरवाजा उघडला तो असा. सर्वोच्च खुर्ची त्यानंतरही कित्येक वर्षे दूरच होती. ती बहुधा मुलकी सेवेतल्या सनदी अधिकाऱ्यांसाठी राखलेली असे आणि त्या सेवेची परीक्षा लंडनला होई.

१८८९ ते १९०६ एवढा प्रदीर्घ काळ आर्थर फॅनशॉ महासंचालक होता. त्याच्या काळात खेडोपाडी कचेऱ्या वाढल्या, बंगालमध्ये हिवतापावरच्या क्विनाइनच्या पुड्या टपालातून विकल्या जाऊ लागल्या. पण त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे १८९८ चा टपाल कायदा. सव्विसाव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी पत्रे अडवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. याच्या आदल्याच वर्षी ‘केसरी’वरील राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली होती आणि राजद्रोहाचे कलमही १८९८ मध्येच अधिक कडक केले गेले. वृत्तपत्रांना टपालाचा सवलतीचा दर होता, त्या दराच्या बळावरच मराठी साप्ताहिके गावोगाव पोचत होती. आता त्याच पिशवीवर सरकारची नजर बसली. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने राजद्रोही मजकुराचा संशय असलेले टपाल अडवून ठेवण्याची मुभा टपाल अधिकाऱ्यांना मिळाली. जो खातेप्रमुख स्वस्त पोस्टेजचे श्रेय घेत होता त्याच्याच हाताखाली आता लोकांचे लखोटे तपासले जाऊ लागले. वसाहतीच्या टपालाचे हे दोन चेहरे वेगळे काढता येत नाहीत.

फॅनशॉनंतरच्या स्ट्युअर्ट-विल्सनच्या काळात टपाल आणि तार एकत्र करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. तारखाते १८५० च्या दशकापासून स्वतंत्र होते आणि त्याचा जनक विल्यम ओशॉनेसी याने त्याला अभियंत्यांचे खाते बनवले होते. एकाच गावात दोन कचेऱ्या, दोन इमारती, दोन साहेब ही चैन परवडेना. मुंबई आणि मध्य विभागात आधी प्रयोग झाला आणि १ एप्रिल १९१४ रोजी दोन्ही खाती एका महासंचालकाखाली आली. बोरीबंदरजवळचे मुंबईचे जनरल पोस्ट ऑफिस आदल्याच वर्षी पुरे झाले होते. जॉन बेग याने आखलेल्या त्या इमारतीचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो. खात्याची त्या वेळची ऐट पाहायची असेल तर त्या घुमटाखाली उभे राहून वर बघावे.

ऐटीला धक्का दिला तो महायुद्धानंतरच्या टंचाईने. १८५४ पासून अर्धा आणा हा पत्राचा किमान दर अडुसष्ट वर्षे टिकला होता. उलट तेवढ्याच पैशात नेण्याचे वजन वाढत गेले होते. १९२२ साली तो एक आणा झाला आणि पोस्टकार्ड एका पैशावरून अर्ध्या आण्यावर गेले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी मध्यवर्ती विधिमंडळात निवडून आलेले सभासद आणले होते. टपालदर हा त्यांच्या अंदाजपत्रकी भाषणांचा हक्काचा विषय झाला. टपाल ही नफ्याची पेढी की गरिबाची सेवा, हा प्रश्न आता खुल्या सभागृहात विचारला जाऊ लागला. याच सुमारास या खुर्चीवर असलेल्या जेफ्री क्लार्क याने १९२१ मध्ये खात्याचा इतिहास लिहिला. तो वाचनीय आहे, पण हरकाऱ्यांच्या वाघाशी पडलेल्या गाठी त्यात जितक्या रंगून येतात तितका हरकाऱ्यांचा पगार येत नाही.

१९३४ साली गुरुनाथ व्यंकटेश बेवूर हे सनदी सेवेतले अधिकारी टपाल-तार खात्याचे महासंचालक झाले आणि १९४१ पर्यंत राहिले. पुढे लष्करप्रमुख झालेले जनरल गोपाळ बेवूर हे त्यांचे चिरंजीव. विमान टपालाचा विस्तार, १९३८ ची साम्राज्यांतर्गत हवाई टपाल योजना, मग दुसरे महायुद्ध असा हा धामधुमीचा काळ. खुर्चीवर हिंदी माणूस बसला होता, परंतु धोरण अजून दिल्ली आणि लंडनमध्येच ठरत होते.

या व्यवस्थेला सर्वांत मोठे आव्हान आले ते तळातून. युद्धकाळच्या महागाईने पिचलेल्या पोस्टमन आणि कनिष्ठ नोकरांनी जुलै १९४६ मध्ये देशभर संप पुकारला. मुंबईच्या खलाशांचे बंड होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. संपाला पाठिंबा म्हणून २९ जुलैला कोलकात्यात सार्वत्रिक हरताळ पाळला गेला. पत्रे खोळंबली तरी लोकांची सहानुभूती पोस्टमनच्या बाजूने होती. शंभर वर्षे सरकारचा गणवेश घालून दारात येणारा माणूस आपलाच आहे, हे त्या महिन्यात उघड झाले.

वर्षभराने सत्तांतर झाले. रफी अहमद किडवाई हे दळणवळण मंत्री झाले आणि महासंचालक प्रथमच लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्याच्या हाताखाली आला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पत्रांवर ‘जय हिंद’चा शिक्का पडला, २१ नोव्हेंबरला तिरंग्याचे पहिले तिकीट निघाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३ हजार ३४४ टपालकचेऱ्या होत्या. आज त्या एक लाख चौसष्ट हजारांच्या घरात आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य खेड्यांत.

१८९८ चा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर तब्बल शहात्तर वर्षे जिवंत राहिला. संसदेने २०२३ मध्ये नवा टपाल कायदा केला, तो १८ जून २०२४ पासून अमलात आला. पत्रे वाहून नेण्याची १८३७ पासूनची सरकारी मक्तेदारी त्यात उरलेली नाही. महासंचालकाचा हुद्दा उरला आहे. टपाल अडवण्याचा अधिकारही उरला आहे, नवव्या कलमात, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांची यादी आता पूर्वीपेक्षा लांब आहे.